नव्व्याण्णव खडे

जव कापायचा महिना, दिवस चौथा

नव्व्याण्णव! तीनदा रांजण उपडा केला, तीनदा मोजलं. नव्व्याण्णवच.

राजाच्या मोजणीसाठी एन-रिम्मा गावात सकाळी पोचलो. वेशीच्या कट्ट्यावर रांजण ठेवला. वीस वर्षांपुढचा, तलवार पेलू शकणारा प्रत्येक पुरुष येतो, रांजणात एक खडा टाकतो, मला नाव सांगतो, बापाचं नाव सांगतो, पुढे जातो. माणसांवर बोट ठेवून मोजायचं नाही. तसं केलं की रोगराई येते. या गावात तर खड्यांनासुद्धा सरळ मोजत नाहीत. झेखेर आजोबा, गावचे वडीलधारे, रांजणाशेजारी बसून म्हणत होते — एक नाही, दोन नाही, तीन नाही. मी नावं लिहीत होतो आणि त्यांच्या ‘नाही’मुळे दोनदा चुकलो.

नावं नव्व्याण्णव, खडे नव्व्याण्णव. मला आनंद झाला. हिशेब जुळला की माझं पोट शांत होतं. पण वर पाहिलं तर आजोबांचं तोंड उतरलेलं.

“अजून एकदा मोज की रे, बोरूबहाद्दर.”

“तीनदा मोजले, आजोबा.”

“मग चौथ्यांदा मोज. तुझं काय जातं?”

चौथ्यांदाही तेच.

कारण संध्याकाळी कळलं. शंभर भरले की गावाला आपला नायक मिळतो. शंभरांचा नायक. एक जरी कमी पडला तरी गाव शेजारच्या गावाला जोडतात — म्हणजे बेथ-शालाला. तिथला नायक शोबाल. तीन वर्षांपूर्वी यार्देन नदीच्या उतारावर याच शोबालने आपली माणसं पार नेली आणि एन-रिम्माची चौदा माणसं अलीकडे सोडून दिली. चौदातला एकही परतला नाही.

लिहायच्या खापरीवर जागा संपली.

दिवस पाचवा

आज वेशीवर भांडण. अक्षर वाकडं येतंय. खाडाखोड करणार नाही.

झेखेर आजोबांनी एका तरुणाला दंडाला धरून आणलं. नाव अनुब. उंच, डावखुरा, खाली मान.

“हा घ्या शंभरावा! खडा द्या याच्या हातात.”

तेवढ्यात त्याची आई आली. अतारा. विधवा. पिठाचे हात तसेच. “आजोबा, सोडा त्याला. एकोणीसचा आहे तो.”

“एकोणीस? मिशी बघ त्याची!”

“मिशी तर तुमच्या सुनेलाही आहे. तिलाही घ्या मोजणीत!”

लोक हसले. आजोबा नाही हसले. उतारावरच्या चौदांत या बाईचे दोन मुलगे होते. थोरला आणि मधला. हे मला मागून कोणीतरी कुजबुजून सांगितलं. मग मलाही हसू येईना.

आमचे सरदार अज्रीकाम पुढे झाले. “बाई, जन्म कधीचा? वर्ष सांग.”

“पडीक वर्षी झाला. शेत पडीक होतं, मी घरीच होते.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटांवर धरलं. दर सातव्या वर्षी सगळा मुलूख शेतं पडीक ठेवतो. गेलं पडीक वर्ष पाच वर्षांमागचं. त्याआधीचं बारा. त्याआधीचं एकोणीस. “एकोणीस,” मी म्हणालो. बरं वाटलं! आजोबा काहीतरी बोलायला गेले, तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं ते कळलं नाही.

अज्रीकाम म्हणाले, “लिहिणारा म्हणेल ते. पण पेलेथ, जायच्या सकाळी तुला यादीवर देवाची शपथ घ्यायची आहे. विसरू नकोस.”

विसरू नकोस म्हणे! मला दुसरं काही आठवतच नाही.

दिवस सहावा

खेचराने माझी बाही खाल्ली. सोय म्हणून सरदारांनी मला अतारामावशींच्या घरी उतरायला सांगितलं. मी नको म्हणालो. लोक म्हणतील, दह्याच्या वाटीत यादी बुडाली. अज्रीकाम म्हणाले, “तू दही खा, यादी कोरडी ठेव.”

दिवस सातवा

विसावा. लिहायचं नाही. सूर्य मावळल्यावर एवढंच लिहितोय — मसूर छान होता.

दिवस आठवा

मोठी खापरी घेतली आहे.

शाईला काजळी हवी होती म्हणून चुलीपाशी बसलो होतो. हुप्पा आला. तोहूचा मुलगा, यादीतला एकसष्टावा. दारातूनच ओरडला, “आई, भाकरी!” मला वाटलं घर चुकला. मावशींनी न बघता भाकरी फेकली, त्याने झेलली.

मी विचारलं, “ही तुझी आई?”

“अर्धी! माझी आई बाळंतपणात गेली ना. हिनेच पाजलं. उजव्या बाजूला मी, डाव्या बाजूला अनुब. म्हणून तर हा डावखुरा निघाला.”

अनुब म्हणाला, “आणि तू खादाड. माझ्या वाटचंही तूच प्यायचास.”

“तीन महिने आधी आला होतास. तेव्हाच पोटभर पिऊन घ्यायचं की!”

दोघे हसत होते. मी मात्र काजळी खाली ठेवली. तीन महिने आधी.

यादी काढली. एकसष्ट — हुप्पा, तोहूचा मुलगा. बापाने जन्माचं वर्ष सांगितलं होतं: टोळधाडीचं, जव कापायच्या वेळेचा. टोळधाड वीस वर्षांमागची. ते तर मुलखात सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे हुप्पा या महिन्यात वीसचा. मग त्याच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा असलेला एकोणीसचा कसा?

सेराया गुरुजींनी मला बेरीज पुरी शिकवली होती. वजाबाकी अर्धी झाली आणि ते वारले. मला वाटलं माझंच चुकतंय. खड्यांनी मांडून पाहिलं. माझं चुकत नव्हतं.

मळणीच्या खळ्यावर गेलो. तोहूकाका एकटेच बैलाचं जू बांधत होते. विचारलं, टोळधाडीच्या वर्षी तुमच्या शेतांचं काय झालं? ते खूष झाले. असं कोणी विचारत नाही त्यांना.

“काय होणार! एक कणीस उरलं नाही. मग झेखेर आजोबा म्हणाले, देवानेच पडीक ठेवलंय तर हेच वर्ष पडीक धरा. धरलं. पुढल्या वर्षी सगळा मुलूख पडीक, आम्ही मात्र पेरलं! असं पीक आलं म्हणतोस! बेथ-शालावाल्यांची तोंडं बघायला हवी होतीस. अजून आम्हाला देवाचे चोर म्हणतात.” मग एकदम दोरी हातातच राहिली. “तू हे लिहिणार नाहीस ना रे?”

म्हणजे या गावाचं पडीक वर्ष एक वर्ष आधीचं. मावशी खोटं बोलल्या नाहीत. आणि आजोबांनी तोंड मिटलं ते यासाठी. अनुब वीसचा आहे हे सिद्ध करायचं तर सातव्या वर्षी पेरणी केल्याचं राजाच्या माणसांसमोर कबूल करायला हवं.

अनुब वीस वर्षं तीन महिन्यांचा आहे. गाव हे बोलणार नाही; बोलू शकतो तो मी, नाहीतर त्याची आई.

दिवस नववा

झोप नाही.

लिहिला, तर शंभर. गावाला आपला नायक. मावशींचा शेवटचा मुलगा जातो.

नाही लिहिला, तर नव्व्याण्णव शोबालच्या हाताखाली. आणि मी देवाच्या नावाने खोटी शपथ घेणार. खोट्या शपथेने काय होतं ते मला लहानपणी सांगितलंय. अंगावर पांढरे डाग येतात. सकाळपासून तीनदा हात तपासले. अजून शपथ घेतलेलीही नाही!

आजोबा विहिरीपाशी भेटले. “काय बोरूबहाद्दर, उंदीर पोखरतोय वाटतं?”

मी विचारून टाकलं — एक खडा वाढवून टाकायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही का.

“खडा टाकणं सोपं रे. लढाईच्या दिवशी त्या खड्याला पाय फुटायला हवेत ना.” मग हळू म्हणाले, “त्या बाईकडून तिसरा मागायला मला काय गोड वाटलं? माझा नातू चौतिसावा आहे. तूच लिहिलंस त्याला.”

चौतीस. पाहिलं. अहीयान. बरोबर.

दिवस दहावा

दुपारी मावशी छपरावर अंजीर पसरत होत्या. वर गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, पण त्याच आधी म्हणाल्या, “तोहूकडे गेला होतास.”

“हो.”

“तोहूच्या तोंडाला झाकण नाही.” एक अंजीर चिरडलं होतं, ते त्यांनी माझ्या हातात दिलं. “मी खोटं बोलले नाही, पोरा. पडीक वर्षी म्हटलं. तेवढंच म्हटलं.”

“माहीत आहे, मावशी.”

“काय लिहिणार आहेस?”

मी अंजीर खाल्लं.

त्या म्हणाल्या, “थोरला गेला तेव्हा वाटलं, मधला येईल सांगायला. कसा गेला ते तरी. सांगायलाही कोणी आलं नाही. शोबालच्या एका माणसाने चपला आणून दिल्या. त्याही दुसऱ्याच कोणाच्या.”

खाली अनुब खळं सारवत होता. उतरताना मी थांबलो. तो मान वर न करता म्हणाला, “आई म्हणते एकोणीस. आजोबा म्हणतात वीस. तू खड्यांनी मांडतोस. मला कोणी विचारलंय?”

“तुला काय वाटतं?”

“मला भीती वाटते. ते लिही.”

तेवढ्यासाठी यादीत जागा नसते. म्हणून इथे लिहिलं.

दिवस अकरावा

ठरवलं. एकोणीस.

वेशीवर सगळे जमले. अज्रीकामनी विचारलं. मी म्हणालो — नव्व्याण्णव. मागच्यांना ऐकू गेलं नाही, परत म्हणावं लागलं. हे परत म्हणणं सगळ्यात वाईट.

अज्रीकाम म्हणाले, “एन-रिम्मा बेथ-शालाला जोडलं. नायक शोबाल. उद्या सकाळी लिहिणाऱ्याची शपथ, मग आम्ही निघतो.”

तोहूकाका माझ्या पायापाशी थुंकले. त्या दिवशी मला दोरीचा पीळ कसा द्यायचा ते शिकवत होते. आजोबा काठी टेकत सरळ घरी गेले, कोणाचा हात घेतला नाही. हुप्पा नेहमीसारखं काही चावट बोलेल असं वाटलं. तो बोलला, “बरं, पोहायला शिकायला हवं.” कोणी हसलं नाही. त्याची बायको मटकन खाली बसली. पोटुशी आहे.

मावशी कडेला उभ्या होत्या. हे सगळं पाहत होत्या. मला वाटलं त्या माझ्याकडे बघतील. एकदा तरी. त्या हुप्पाकडे बघत होत्या.

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी ताट ठेवलं आणि पाठ फिरवली. आभार मानावे असं मला वाटत नव्हतंच. पण पाठ? अनुब जेवला नाही.

उद्याची शपथ तोंडपाठ करतोय. शब्द सगळे येतात. फक्त देवाचं नाव आलं की थांबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.

दिवस बारावा

सकाळी शपथेसाठी हात वर केला होता. अतारामावशी गर्दीतून आल्या, एका हाताने अनुबला धरून, दुसऱ्या हातात खडा. खडा त्यांनी स्वतःच रांजणात टाकला.

अज्रीकामनी वय विचारलं.

“वीस. वर तीन महिने. पडीक वर्षाचं माझं मी चुकले असेन, गावाचा दोष नाही.” मग माझ्याकडे वळून, हळू — “लिही, पोरा. तू केलंस ते मी विसरणार नाही. पण त्या दुसऱ्यालाही मीच पाजलंय.”

लिहिलं.