आमच्या जंगलाची साफसफाई

चि. ठमे,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. (तू आता कचेरीत मॅडम झालीस, दारावर तुझ्या नावाची पाटी लागली, तरी आशीर्वादापुरती ठमीच. मॅडमला आशीर्वाद द्यायला माझी जीभ वळत नाही.) तुझी सर्दी गेली का? ताई सांगत होती की तू दिवसभर शहरांचे वरून काढलेले फोटो बघत बसतेस आणि कुठल्या शहरात किती जंगल ते ठरवतेस. डोळ्यांना जप. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि हे वाक्य मी आज नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. गेल्या गुरुवारपर्यंत आम्ही मुळीच खुशाल नव्हतो. आता जीव भांड्यात पडलाय, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. थोडं तुला ठाऊक आहे, पण ते तू फोनवर ऐकलंस आणि तेव्हा मी रडत होते.

तुझे काका आजारातून उठले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. रस्त्यावर नेलं की मागून भोंगा वाजायचा आणि यांच्या छातीत धडधड सुरू व्हायची. (जन्मभर छापखान्यात यंत्राच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस, पण आता स्कूटरलाही दचकतो.) शेवटी मी त्यांना आमच्या इमारतीमागे घेऊन गेले. तिथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता. तो बंद पडला, छप्पर कोसळलं, पाखरांनी बिया टाकल्या, आणि कोणी काही न लावता अशी झाडी माजली की आत शिरल्यावर आपली इमारतसुद्धा दिसत नाही. पहिल्या दिवशी काका फाटकाजवळच्या झाडापर्यंत गेले आणि त्यालाच धरून उभे राहिले. मग हळूहळू त्याच्या पुढच्या झाडापर्यंत, मग त्याच्याही पुढच्या. आता ते पार मागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतात आणि वाटेत गुणगुणतात. त्यामुळे नगरपालिकेने तिथे चार मजली गाडीतळ बांधायचं काढलं तेव्हा मी उपाय विचारत दारोदार फिरले. उपाय एकच होता. जागा ‘शहरी जंगल’ म्हणून नोंदली गेली तर तिथे कोणाला वीट रचता येत नाही. त्यासाठी जंगल खात्याच्या एक बाई तपासायला येणार होत्या.

त्यांच्या नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं की तपासणीसाठी कोणतीही तयारी करू नये. आता तूच सांग, घरी येणारा पाहुणा ‘काही करू नका हं’ म्हणतो तेव्हा आपण काय करतो? आम्ही तेच केलं. आमच्या इमारतीचे अध्यक्ष म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. त्यांनी सगळ्या झाडांचे बुंधे एकाच उंचीपर्यंत चुन्याने रंगवून घेतले, दगड ओळीत मांडले, वाकड्या वाढलेल्या झुडपांना न्हाव्याकडून आल्यासारखं करून टाकलं आणि गच्चीवरचे दोन बाक खाली आणून ठेवले. आणि मी झाडलं. (तुला माझा स्वभाव माहीत आहे. तुझ्या लग्नात मी मांडवाचा कोपरा झाडत होते म्हणून एकाही फोटोत नाही.) खराटा घेऊन मी जे सुरू केलं ते टाकीपर्यंत जाऊनच थांबले. सगळा पाचोळा, काटक्या, कुजलेली फांदी न फांदी पोत्यांत भरली आणि पोती कचऱ्याच्या गाडीसाठी फाटकापाशी रचली. काका तापाने घरात झोपून होते, त्यामुळे आम्हाला अडवायला कोणी नव्हतं. काम संपल्यावर जमिनीकडे बघून मला इतकं समाधान वाटलं की मी अध्यक्षांना चहाला बोलावलं.

गुरुवारी सकाळी तुझा फोन आला. तू विचारलंस, “मावशी, पाचोळा भरपूर आहे ना?” मी छाती फुगवून म्हणाले, “एक पान सापडायचं नाही.” मग तू समजावलंस, की काही शहरं वरून जे जे हिरवं दिसेल ते जंगल धरतात, काही दफनभूमीतली झाडं मोजतात, एक शहर तर श्रीमंतांचं चेंडू खेळायचं मैदानही मोजतं, पण आमच्याकडचा नियम कडक आहे. आपोआप उगवलेलं हवं, झाडाखाली झुडूप हवं आणि जमिनीवर त्याच झाडांचा कुजत पडलेला पालापाचोळा हवा. माणसाचा हात फिरला की ती बाग. म्हणजे काकांचं जंगल गाडीतळापासून वाचवायला निघाले होते मी, आणि मीच ते खराट्याने संपवलं होतं. आणि बाई दुपारीच यायच्या होत्या.

नशीब एवढंच की कचऱ्याची गाडी नेहमीप्रमाणे आली नव्हती. (या गाडीविरुद्ध मी आजवर किती तक्रारी केल्या असतील. त्या सगळ्या मागे घेते.) आम्ही पोती उलटी करायला धावलो. मास्तर बुंध्यांना चिखल फासत होते, दगडांच्या रांगा मोडत होते आणि दर दगडाला हळहळत होते. मी पाचोळा पसरत होते. पण हाताची सवय कुठे जाते? मी तो चादरीसारखा सारखा केला, कडासुद्धा सरळ केल्या. तेवढ्यात गडबड ऐकून काका शाल गुंडाळून खाली आले. माझी चादर बघून म्हणाले, “अगं, पानं अशी रांगेत पडतात का?” आणि त्यांनी पाय मारून माझा ढीग उधळला. मग दुसरा. मग ते पोतं हातात घेऊन गरगर फिरवायला लागले आणि हसायला लागले. ठमे, आजारानंतर हे पहिल्यांदा हसले. मी तिथेच पाचोळ्यात बसकण मारली.

बाई आल्या. शांत, सडपातळ, पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्यांनी चिखल फासलेला बुंधा बोटाने खरवडला, बोट बघितलं. खाली वाकून पाचोळा उचलला, त्यात माझ्याच ब्लाउजचं बटण निघालं. “कोणी झाडलं?” असं त्यांनी विचारलं. मास्तर आकाशाकडे बघू लागले. मी पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं, काकांच्या एकेका झाडासकट. त्या गुडघ्यावर बसल्या आणि मनगटापर्यंत हात मातीत घातला. माती काळी, मऊ होती आणि वळवळत होती. तिथपर्यंत माझा खराटा पोचला नव्हता. हात झटकत त्या म्हणाल्या, “लोक सगळ्याच शहरांत झाडून ठेवतात. एका ठिकाणी तर फांद्यांना कागदी फुलं बांधली होती. झाडलेलं परत आणून टाकणारे तुम्ही पहिले.” आणि कागदावर सही केली. झुडपं वर्षभरात पूर्वीसारखी वाढतील, फक्त कोणी हात लावू नका, एवढं बजावून गेल्या.

आज सकाळी काका टाकीपर्यंत दोनदा जाऊन आले. मी गॅलरीतून बघत होते. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

तुझी,
मावशी

ता. क. यंदा जंगलवाल्या शहरांच्या यादीत आपलं शहर तुझ्या शहराच्या वर लागलं असं ऐकलं. वाईट वाटून घेऊ नकोस. मी फक्त आमच्या इमारतीतच सांगितलंय, आणि शेजारच्या दोन इमारतींत.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं. पानगळ तोंडावर आली आहे आणि तेव्हाच बाई पुन्हा बघायला येणार आहेत. इथे वरून रोज पानं पडताना दिसतात, हात शिवशिवतात, रात्री झोप लागत नाही. मला महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे. काकांना सांग की तुलाच माझी गरज आहे. मी सुचवलं हे कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा, काकांकडून. चि. ठमे, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, तेव्हा वाचलं. हिला लवकर बोलाव. काल संध्याकाळी टाकीमागे एक हातभर जमीन लख्ख दिसली. मी तिच्यावर पानं टाकून आलो आहे. खराटा तिच्या बॅगेत मीच घालतो.