टोमॅटोच्या पेटीवरची चिठ्ठी

३ मार्च

दोन महिने वही उघडली नाही. माफ कर. कारणं आहेत, पण ती ऐकून तुलाही जांभया येतील.

आज निमित्त टोमॅटो! बाबांनी पुन्हा अति पिकलेले आणले. पिशवीच्या तळाशी नुसता लगदा. बायको म्हणाली, "आता बाजाराचं तूच बघ. बाबांना राहू दे घरी." बाबांनी पिशवी धुतली, दांडीवर वाळत घातली. शहात्तर वर्षांचा माणूस. दिवसातून एकदा त्या पिशवीच्या निमित्ताने घराबाहेर पडतो. तीच काढून घ्यायची?

४ मार्च

भाजीच्या दुकानात पेट्यांवर टोमॅटो किती पिकलाय त्याच्या चिठ्ठ्या असतात — हिरवा, गुलाबी, लाल. बाबांना त्या वाचून घ्यायला मीच शिकवलं. "लाल लिहिलेली पेटी बघा आणि डोळे झाकून उचला!" — माझेच शब्द.

म्हणून आज तावातावाने भाजीवालीकडे गेलो. लाल लिहून लगदा विकता?

ती हसायलाच लागली. "अहो दादा, चिठ्ठी पेटी भरली त्या दिवसाची असते. टोमॅटो काय तिथंच थांबतो? तुम्ही थांबलात का पंचविशीत?"

रांगेतले सगळे खो खो! मीही हसलो, काय करणार. मग तिनेच समजावलं — गुलाबी लिहिलेले घ्या, ते आज लाल झालेत. लाल लिहिलेल्यांचे दिवस भरत आले.

म्हणजे चूक बाबांची नव्हतीच. माझी! आणि बोलणी त्यांनी खाल्ली. मी तेव्हा का गप्प बसलो?

५ मार्च

बायकोला सगळं कबूल केलं. "म्हणजे शिकलेल्या मुलाने बापाला बिघडवलं!" बाजार बाबांकडेच राहिला. हुश्श.

६ मार्च

बाबांची माफी मागितली. म्हटलं, चिठ्ठी सोडा, पूर्वीसारखे रंग बघून निवडा. वाटलं, खूश होतील. ते पिशवीची घडी घालत राहिले.

"चिठ्ठीच बरी रे. अक्षरं मोठी असतात. टोमॅटो सगळे सारखेच दिसतात — वर चहा सांडल्यासारखे."

कधीपासून, बाबा?

"झालं असेल वर्ष. सांगितलं असतं तर पिशवी गेली असती."

उद्या : डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेणे.