आईच्या सेटातली किटली

५ मे १९८६, सोमवार. अहेरी

आई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम काल आटोपला. पाहुणे पांगले, मी शाळेला सुट्टी म्हणून राहिले. आज दादाने पेटी उघडली. बाबांनी स्वतः रंधा मारून केलेली सागवानी पेटी. आत भाताचं तणस, आणि तणसात आईच्या लुगड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेला चिनीमातीचा सेट. सहा कप, सहा बशा, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं, एक मोठी थाळी. किटली नाही.

तणसात तिची गोल जागा मात्र तशीच. म्हणजे कुणीतरी अलगद उचलली, आणि तीही एवढ्यातच.

दादा म्हणाला, फुटली असन कवाची. वहिनी भिंतीकडे बघत होती. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही, मी नंतर जाऊन पाहिलं.

यापुढे वहिनीला फक्त व. लिहायचं. वही उशीखाली.

६ मे

सेट माझा आहे. तीन वर्षांपूर्वी आई सगळ्यांसमोर म्हणाली होती, कासं-पितळ दादाला, चिनीमाती प्रभाला. पाण्याचा पितळी गुंड, घंगाळ, काशाची ताटं कधीच दादाच्या चुलीपाशी गेली. मी चकार शब्द काढला नाही. मग माझ्यातलंच कमी का व्हावं?

बाबा जंगलखात्याच्या बंगल्यावर खानसामा. सत्तेचाळीस साली साहेबाची मडम जाताना हा सेट देऊन गेली. साहेब बाबांच्या हातचं जेवायचा, बंगल्याचा चौकीदार आमच्या घरचं पाणी प्यायचा नाही. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आईने हे कप बाहेर काढले. आल्यागेल्याला त्यातच चहा. बरेच जण उपास सांगायचे. आई म्हणायची, या गावात बाराही महिने एकादशी.

किटलीत मात्र तिने कधी चहा केला नाही. गंजात उकळायची, तिथूनच कपात ओतायची. किटलीचं झाकण दोऱ्याने बांधलेलं. लहानपणी मी तो दोरा सोडायला गेले तर पाठीत धपाटा बसला. आईने मला मारल्याचं तेवढंच आठवतं.

८ मे

लूनावर एक जुन्या वस्तू घेणारा आला. सिरोंच्याकडचा, तेलुगू मिसळून बोलणारा. कप उजेडात धरून पाहिले, नखाने वाजवले. म्हणाला, किटली असेल तर बोलू, नाहीतर नुसत्या कपांना कोण विचारतो.

मी तर किटलीचं नावही काढलं नव्हतं. याला कसं ठाऊक? व.ने त्याला पाणी दिलं, गुळाचा खडाही दिला. अनोळखी माणसाला गूळ?

(दुपारी) चहाच्या सेटात किटली असतेच, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी पण गूळ?

दादा दिवसभर गप्प. आज अमावास्या, म्हणून व.ने वडे केले. चव बरी होती.

१० मे

दोघं बाजारात गेले. मी घर धुंडाळलं. लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. माळा, पलंगाखाली, व.ची ट्रंक (कुलूप!), शेवटी तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. एक जुनी वाटी लागली, बाकी तांदूळच. चौथीच्या मुलांना मी चोरी करू नये हा धडा शिकवते.

जेवताना व. भात वाढत म्हणाली, "तांदूळ हलले काऊन? उंदीर मोठा आला वाटते घरात." दादाने मान वर केली नाही. मी दोनदा भात मागून घेतला.

१३ मे

आज फुटलं एकदाचं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, दोघी निवडत बसलो होतो. व. एकदम म्हणाली, "बाई, किटली तुमीच नेली ना?"

तिचं म्हणणं, आई गेली त्या दुपारी त्या खोलीत मी एकटीच पेटीला टेकून बसले होते. खरं आहे. बसले होते, रडत होते. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. ट्रंकेला कुलूप माझ्यासाठीच लावलंय, हेही सांगून टाकलं. मी कणगीचं कबूल केलं. ती हसली, मग मीही हसले. आठ दिवस दोघी एकमेकींवर डोळा ठेवून होतो आणि एकाच चुलीवर स्वयंपाक करत होतो.

मग राहिलं कोण? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

१५ मे

दादावर नजर. सकाळी ऑफिसच्या आधी सायकल नदीच्या बाजूला जाते. हँडलला खाकी पिशवी. येतानाही पिशवी तितकीच फुगलेली. विचारलं तर म्हणतो, हवा खायले.

दादाला पैशाची हाव नाही, हे मला माहीत आहे. मग किटली त्याला कशाला? मला नको असलेले विचार येतात. त्याच्याबद्दल असं लिहिणं बरं नाही.

१८ मे, रविवार

पौर्णिमा जवळ आली, म्हणून व. आणि मी विहार झाडायला गेलो. दादा तिथला सचिव, अलमारीची किल्ली आमच्याच घरी खुंटीला असते. सतरंज्या काढायला अलमारी उघडली. सतरंज्यांमागे खाकी पिशवी. पिशवीत किटली.

दोरा नवा. मी सोडला. आत पिवळं फडकं, फडक्यात चांदीचे तीन टाक. घोड्यावर बसलेला एक, दोन देवी. हळद लावलेले. वर मोगऱ्याचं एक फूल, पांढरंशुभ्र, आजचंच.

छप्पन साली मी नऊ वर्षांची होते. दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी घरचे सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले. दादा आणि मी काठावर उभे होतो. टोपलीवर फडकं बांधून दिलं होतं ते आईने. त्या टोपलीत मग काय गेलं? दगड? सुपाऱ्या? तीस वर्षं ती पांढरं लुगडं नेसून विहारात पहिल्या रांगेत बसायची.

मला फार राग आला. मग रडू आलं. व. मागे उभी होती. ती दचकली नाही.

सगळं होतं तसं ठेवून कुलूप लावलं.

१९ मे

दादाला ऑफिसातून येताना वाटेतच गाठलं. आधी नाही म्हणाला, मग सायकल झाडाला लावून खाली बसला. आईने जाण्याच्या दोन दिवस आधी त्याला सांगितलं. अमावास्येला हळद लाव, बाकी काही करू नको.

"मी हो म्हटलं. मरत्या मानसाले नाई कसं म्हनू, प्रभा? मी सचिव हाओ. दरसाली बावीस प्रतिज्ञा मीच वाचून दाखवतो. नदीवर सोडाले चारदा गेलो. पान्यात हातच गेला नाई."

विहारातच का ठेवली, विचारलं.

"घरात तुमी दोघी. कुठी ठेवू? विहाराच्या अलमारीत देव शोधाले कोन येते?"

हे कळलं तर वस्तीत दादाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि आई? आईला लोक काय म्हणतील? तिच्या फोटोला परवाच सगळ्यांनी फुलं वाहिली.

फुलाचं विचारलं. तो गोंधळला. हळद त्याने अमावास्येलाच लावली, शुक्रवारी नदीवरून परतताना किटली अलमारीत ठेवली, त्यानंतर अलमारीच उघडली नाही म्हणाला. फूल त्याने वाहिलेलं नाही.

माझा विश्वास आहे त्याच्यावर. म्हणजे, ठेवायचा आहे.

२१ मे

व.ला काही विचारलं नाही. तिनेही मला नाही. मोगरा आमच्या मोरीपाशी आहे, आणि शेजारच्या चार घरीही आहे. किल्ली खुंटीला, कुणीही घ्यावी. मी स्वतःला हेच सांगते आहे.

२३ मे, बुद्धपौर्णिमा

विहार भरलेला. दादाने प्रतिज्ञा वाचल्या, मागून सगळे म्हणत होते. देवदेवता मानणार नाही या प्रतिज्ञांपाशी त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला. अलमारी त्याच्या पाठीशी. मी व.कडे पाहत होते. तिचे ओठ मिटलेले. नीट पाहिलं, मिटलेलेच.

मग लक्षात आलं, तिच्याकडे बघण्याच्या नादात मीही म्हटलं नाही.

२४ मे. आष्टीच्या पुढे, एस.टी.त

पेटी पायाशी. कप, बशा, थाळी, दोन्ही भांडी. किटली दादाकडे राहिली. कालच ठरलं, म्हणजे ठरलं असं आम्ही दोघं म्हणालो. तो म्हणाला, पावसाळ्याच्या आधी टाक नदीत सोडतो, मग किटली तुझीच. बरं, म्हणाले. कोणत्या दिवशी, ते विचारलं नाही. सोडू नको असं म्हणाले नाही, आणि सोडच असंही नाही. नऊ वर्षांच्या मुलीला काठावरून जे बरोबर वाटलं होतं ते आजही बरोबर आहे, यात मला शंका नाही. आईने आम्हाला फसवलं, यातही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत येईन तेव्हा दादा किटली हातात देईल. रिकामी असली तर मी रडेन, हे मला आत्ताच ठाऊक आहे. रिकामी नसली तर काय करीन?