लुंबिनीला गेलेली सायकल

लातूर, २ फेब्रुवारी १९८६

ति. बाबांस,
पंचशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. नेपाळला पासपोर्ट लागत नाही हे कळल्यापासून तुम्हाला घरात करमत नाही, असं आई म्हणालीच होती. छप्पनला दीक्षा घेतलीत त्या दिवशी लुंबिनी बघायचं ठरवलं होतंत, आता तिसावं वर्ष लागलं. शाळेतून निवृत्त झालात, जरूर जा. माझी तक्रार तुमच्या जाण्याबद्दल नाही, सायकल नेण्याबद्दल आहे.

ती घरात नुसती उभी असते, असं तुम्ही लिहिलंय. बाबा, तुम्ही सकाळी विहारात ग्रंथ वाचत असता तेव्हा आई तिच्या कॅरियरला दोन घागरी बांधून गावाबाहेरून पाणी आणते. हँडल धरून चालत जाते, चालत येते. दुष्काळ पडल्यापासून तुमची अंघोळ त्याच पाण्यानं होते. मी इथं नव्या जिल्ह्याच्या कचेरीत दिवसभर टँकरचे तक्ते टाइप करते. पण मुखेड पडलं नांदेड जिल्ह्यात, आपल्या गल्लीचं नाव माझ्या तक्त्यात यायचंच नाही.

तिकडं भाड्यानं सायकल घ्या म्हटलं, तर भाड्याच्या चाकावर श्रद्धा बसत नाही म्हणालात. तथागत पायी फिरले, त्यांनी घरची सायकल नेली नव्हती, एवढं नजरेस आणते. रागावू नका. रागावलात तरी लोभ थोडा शिल्लक ठेवा.

तुमची
पंचशीला


लुंबिनी, २५ फेब्रुवारी १९८६

चि. पंचशीलास,
अनेक आशीर्वाद आणि मंगल कामना.

तुझा विरोध मनावर न घेता सुखरूप पोचलो. सायकलही सुखरूप आहे, आईला सांग, म्हणजे तिला घोर नको. सरहद्दीवरच्या शिपायानं सायकलचा नंबर उतरवून घेतला आणि मुखेड कुठं आलं विचारलं. लातूरच्या शेजारी, असं तुझ्यासाठी मुद्दाम सांगितलं. त्याला लातूरही ठाऊक नव्हतं. नव्या जिल्ह्याची कीर्ती अजून इथवर आलेली नाही, तुझ्या साहेबांच्या कानावर घाल.

तिथून पॅडल मारतच आलो. अशोकस्तंभ दिसला तसा उतरलो आणि लहान लेकरासारखा रडलो. आजूबाजूला आपल्यासारखीच सपाट जमीन, धूळ, बैलगाड्या. तरी रोज पहाटे ह्या मातीवरून चाक फिरतं तेव्हा अंगावर काटा येतो.

आणखी एक सांगायचं आहे. मी उतरलोय त्या विहारामागं एक म्हातारी एकटी राहते. हापसा अर्धा मैल लांब, तिच्यानं घागर उचलत नाही. मला ते बघवेना. रोज सकाळी तिच्या दोन घागरी कॅरियरला बांधून पाणी आणून देतो. बेटा म्हणते मला. पोरी, करुणा ग्रंथ वाचून कळत नाही, त्यासाठी पाणी वाहावं लागतं. भन्तेजींनी चारचौघांत माझं कौतुक केलं. म्हातारीला सोडवत नाही, म्हणून मुक्काम महिनाभर वाढवतो आहे. आईला हे सविस्तर वाचून दाखव, तिला समाधान वाटेल.

तुझा
केरबा गुरुजी


लातूर, १६ मार्च १९८६

ति. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे पत्र घेऊन आज सकाळच्या एस.टी.नं मुखेडला जाऊन आले. आई गुडघा सुजवून बसली आहे. सायकल गेल्यापासून घागर डोक्यावर. परवा उतारावर पाय सरकला. डॉक्टर म्हणतात, महिनाभर चालायचं नाही. आई त्यांना विचारून आली की मग प्यायचं काय. शेजारची नागुबाई एक घागर देते, पण तिच्याही घरात सहा माणसं आहेत. मला रजा मिळत नाही आणि आई लातूरला यायला तयार नाही. मला फार भीती वाटते, बाबा.

पत्र वाचून दाखवलं. तुम्ही स्तंभापाशी रडलात तिथं तिनंही डोळे पुसले, हे खरं आहे. पाण्याचा भाग आला तेव्हा परत वाच म्हणाली. परत वाचला. तिसऱ्यांदाही वाचायला लावला. मग म्हणाली, "लिव्ह, त्या म्हातारीला म्हनावं, मानूस ठिवून घे तुला. सायकल तेवढी वापस धाड."

समाधान वाटल्याचं काही दिसलं नाही.

तुमची
पंचशीला


लुंबिनी, २ एप्रिल १९८६

चि. पंचशीलास,
आशीर्वाद.

पत्र काल हाती आलं. सवयीनं भन्तेजींना मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो आणि अर्ध्यावर घडी घालून खिशात ठेवलं. म्हातारीचं पाणी दोन तरुण उपासक आजपासून भरतात. माझ्यावाचून तिचं अडेल असं वाटलं होतं, तसं काही अडलं नाही. तुझ्या आईचं मात्र अडलंय, आणि तिथं कधी हात लावावा असं मला तीस वर्षांत सुचलं नाही. लाज वाटते.

उद्या निघतो. नांदेडला उतरून सायकल एस.टी.च्या टपावर टाकीन. घरात शिरायच्या आधी दारातल्या घागरी उचलून पाणी घेऊन यायचं ठरवलंय. आईला काही बोलू नकोस.

एवढं मात्र मला कळव. पत्राआधी मीच पोचेन, म्हणून नांदेडहून तुझ्या कचेरीत फोन लावून हेच विचारीन. ती पाणी कोणत्या विहिरीवरून आणते? मला तिकडची वाट माहीत नाही.

तुझा
बाबा