आबांच्या वेलाचे पान

श्री

संग्रामपूर, श्रावण वद्य ४, शके १८३३

चि. शालिग्राम यास अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

येथे सर्व क्षेम. तुझे पत्र येऊन महिना होत आला. छापखान्याच्या दगडावर दिवसभर मोत्यासारखे लिहितोस आणि बहिणीला दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की हात दुखतो, अशी चहाडी तुझ्या बायकोने, आशानेच केली आहे.

आबांची दृष्टी आता पुरती गेली. मळ्यात वांग्यांवरून हात फिरवून कीड सांगतात, पण माणूस आवाजावरून ओळखतात. पुस्तकाचे रोज विचारतात. जन्मभर जमवलेली झाडपाल्याची माहिती आणि स्वतः काढलेली पानांची चित्रे, अशी ती वही त्यांनी तुझ्या स्वाधीन केली, त्याला दोन वर्षे झाली. झाडाचे नाव दर गावाला बदलते, पान बदलत नाही, म्हणून चित्राला फार जपायचे, असे त्यांनी तुला पुन्हा लिहायला सांगितले आहे. मले दिसत नाही तं नाही, लोकायले दिसलं पाह्यजे, असे म्हणाले.

थंडी पडली की त्यांचा दमा उठतो. त्यावरचा डोंगरातला वेल आजवर ते स्वतःच आणत, दुसऱ्या कोणाला ठावा नाही. वाळवून ठेवलेला पाला दिवाळीपर्यंत पुरेल. पुढच्या हिवाळ्याचा मला भरवसा वाटत नाही, म्हणून जसे होईल तसे, पण पुस्तक लवकर त्यांच्या हातात पडू दे. आशाला आशीर्वाद. माया आहेच, पत्र पाठवून ती वाढव.

तुझी अक्का,
अन्नपूर्णा

श्री

खामगाव, भाद्रपद शुद्ध ११

ती. आबा व ती. सौ. अक्का यांचे चरणी शालिग्रामचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

चहाडीबद्दल आशाला बोललो. तिने वर तोंड करून तुमच्याच पत्रातली ओळ वाचून दाखवली.

पुस्तक दिवाळीपूर्वी येते, ही बातमी आबांना आधी सांगावी. आमचे मालक वामनराव यांनी शिशाचे खिळे आणि पायाने चालवायचे यंत्र आणले आहे. एका अक्षराला एक खिळा. जे पान छापण्यासाठी दगडावर उतरवायला मला दोन दिवस लागत, ते जुळारी जेवणाच्या सुट्टीआधी जुळवून मोकळा होतो. नवे लिहायचे तर दगडावरचे जुने वाळूपाण्याने घासून काढायचे, ही आमची रीतच होती. आता घासतात, पण लिहायला कोणी बसत नाही. आबांची पाने मी दगडावर चढवली होती, तीही परवा घासली. दम्याच्या वेलाचे पान सगळ्यांत शेवटी गेले. शीर न् शीर उतरली होती. मला फार वाईट वाटले, पण सांगणार कोणाला?

माझ्या हाताला आता येथे काम उरलेले नाही. चित्रांची सोय करतो, असे मालक म्हणाले आहेत. कृपा आहेच, ती तशीच राहावी.

आपला,
शालिग्राम

श्री

संग्रामपूर, कार्तिक शुद्ध ९

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद वि. वि.

पुस्तक पोचले. आबांनी ते दिवसभर खाली ठेवले नाही. वास घेतला, पान न् पान बोटाने चाचपले, आणि आपले नारायणराव हे नाव कुठे छापले आहे तेथे माझ्याकडून बोट ठेववून घेतले. पाटलापासून सगळे बघून गेले. माझा भाऊ छापखान्यात आहे, हे कोणी विचारले नसतानाही मी सांगत होते. त्यांना इतक्या सुखात मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

पण थंडी लवकर आली आणि दम्याने उचल खाल्ली. जुना पाला संपला. आबा म्हणाले, आता काऊन भ्यायचं, पुस्तकात पान हाये. तेव्हा लाकडे आणायला डोंगरात जाणाऱ्या तानुबाईला मी चित्र दाखवले. असा वेल पाहिला आहे म्हणाली, उद्या आणते. तुझे उपकार किती मानू? लोभ आहे, तो दुणावला असे समज.

तुझी अक्का,
अन्नपूर्णा

श्री

खामगाव, कार्तिक शुद्ध १०

ती. सौ. अक्कास शालिग्रामचा नमस्कार वि. वि.

हे पत्र आबांना वाचून दाखवू नये. पुस्तकासोबतच लिहायचे होते, पण धीर झाला नाही.

त्यातली चित्रे आबांची नाहीत. एकेक चित्राचा ठसा मुंबईहून कोरून आणायचा तर वर्ष गेले असते. यंत्राबरोबर तयार ठशांची पेटी आली होती, लग्नपत्रिकेवर घालतात तशा वेली, पाने, फुले. त्यांतले जवळपास जुळणारे मालकांनी लावले. मी भांडलो. चित्र पाहून कोन पाला तोडते बे, असे म्हणून त्यांनी मला गप्प केले. तुझे घाईचे पत्र खिशात होते, म्हणून मीही फार ताणले नाही. आबांना दिसत नाही हे एका परीने बरेच, असेही मनात आले.

फक्त कोणी चित्रावरून काही आणू नये, एवढे सर्वांना सांग. मालकांनी मला रजा दिली आहे. वही घेऊन येतो आणि तेथल्या प्रतींत खरी पाने हाताने काढून देतो. राग आला तरी माया असू द्यावी.

तुझा,
शालिग्राम

संग्रामपूर, मार्गशीर्ष वद्य २

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

आबांना जाऊन महिना झाला तरी पत्राच्या माथ्यावर श्री लिहायला हात उठत नाही.

तेरावा होईपर्यंत तू येथे होतास आणि आबा दम्याने गेले असे समजून परत गेलास. मी तसेच सांगितले होते. त्यांना नेल्याच्या दुसऱ्या दिवशी तू डोके भादरून अंगणात बसला होतास, तेव्हा डाकवाला तुझेच पत्र देऊन गेला. मी ते चुलीपाशी वाचले. बाहेर येऊन तुझ्याकडे पाहिले आणि ते पदराआड दडवले.

तानुबाईने वेल आणला, त्याचा मी काढा केला. पेला तोंडाशी नेताच आबा थांबले. हा वास त्याचा नाही, म्हणाले. मी पुस्तक उघडले, पान चित्राशेजारी धरले, तंतोतंत जुळत होते. तसे त्यांना सांगितले. तेव्हा हसले. डोये गेले तसं नाकबी गेलं असन, छापेल थोडंच खोटं रायते, असे म्हणून सगळा पेला प्याले. नंतर ओकाऱ्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळे संपले.

हे मी तुला कधीच कळू दिले नसते. घाई मीच केली होती आणि पेलाही मीच दिला. पण काल वडनेर भोलजीहून सुभद्राआत्याचा निरोप आला. आबांचे पुस्तक तिकडच्या बाजारात पोचले आहे. तिच्या सुनेला धाप लागते, तर चित्रातला वेल तुमच्या डोंगरातून धाडा, म्हणते. त्या चित्रावरचे काही घेऊ नका, असे सांगायला मी लगेच माणूस पाठवला आहे. बाकी प्रती कोणाकोणाच्या घरात आहेत, ते मालकांना विचार. न सांगितले तर बाजार धर, दारोदार जा, आणि प्रत्येक प्रतीतून ते चित्र फाड.

सोबत खऱ्या वेलाचे पान ठेवले आहे. तू आणलेल्या वहीतल्या चित्रावरून मी स्वतः डोंगरात जाऊन शोधले. चित्रात काही चुकलेले नव्हते. पान चुरगळून हुंगून बघ, म्हणजे आबांचे नाकही चुकले नव्हते, हे तुला कळेल.

तुझ्यावरचा लोभ कमी करावा असे फार वाटले. ते माझ्याने होत नाही.

अन्नपूर्णा