जखम भरेपर्यंत मासा नाही

आई,

माझ्या पायाची जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी काल पट्टी सोडली आणि नवी बांधलीच नाही. जखम वर्षभर उघडी होती. मला साखर आहे ना, तुझ्या सासरची देणगी. मध्यंतरी पाय गुडघ्याखाली काढायचंही बोलणं झालं होतं. मी घाबरले होते. मग त्यांनी जखमेवर माशाची कातडी लावली. थट्टा नाही करत. थंड समुद्रातल्या माशाची कातडी, खवलं काढून, औषधांनी साफ करून पाकिटातून येते. ती कायमची राहत नाही; तिच्या आधाराने आपलं मांस वाढतं आणि ती विरून जाते. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे मासा ताटात येतो, पायावर नाही." त्या हसल्या. मला मात्र तू आठवलीस.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. गिरगावात आज सभा, उद्या मोर्चा, परवा कर्फ्यू. कचेरीतून परतताना अप्पा लाठीमाराच्या पळापळीत सापडले, ट्रामच्या पायरीवर आपटले आणि नडगी सोलवटली. वाडीत बातमी झाली की अप्पांनी लाठी खाल्ली. ते बिचारे प्रत्येकाला सांगतात, "लाठी नव्हे हो, ट्राम!" पण हुतात्मा व्हायची आलेली संधी वाडी कोणाला सोडू देते? पुढे महाराष्ट्र झाला, पेढे वाटले गेले, जखम तशीच.

परळच्या इस्पितळात तू मलाही नेलं होतंस. डॉक्टर म्हणाले, दुसरीकडची कातडी काढून इथे लावता येते, पण यांच्या अंगात ते सोसायची ताकद नाही. तू ताबडतोब म्हणालीस, "मग माझी घ्या." आणि पदर सावरून बाकावर बसलीससुद्धा. डॉक्टर बरे होते, त्यांनी समजावलं, "दुसऱ्याची कातडी शरीर धरत नाही, बाई. चार दिवसांत टाकून देतं."

"दुसऱ्याची कुठे? मी बायको आहे यांची."

 त्या संध्याकाळी तू देवापुढे बोललीस, जखम भरेपर्यंत मासा तोंडाला लावणार नाही. आपल्या घरात एक वेळ माणूस पोळी सोडेल, मासा नाही. तुझ्यासारखं माशाचं भुजणं सगळ्या वाडीत कोणाला जमत नव्हतं, आणि ते तू करत राहिलीस, आमच्यासाठी. फक्त चव माझ्यावर सोपवलीस. पळीतला रस्सा माझ्या तळहातावर टाकायचीस, "मीठ बघ गं," आणि मी चाखत असताना माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस.

अप्पा पुढच्याच वर्षी हृदयविकाराने गेले. नडगीवर पट्टी होतीच. वर्ष सरल्यावर आत्या तुझ्या ताटात तुकडी वाढायला आली. तीही विधवा. "वहिनी, मी खातेच ना? दादाच राहिला नाही, आता कसला नवस?"

तू ताट मागे घेतलंस. "मी जखमेचं बोलले होते. ती कुठे भरली?"

आत्या तुला हट्टी म्हणाली. होतीसच. मरेपर्यंत तू वरणभात जेवलीस, आणि तुझ्या श्राद्धाच्या पानावरही आम्ही कधी मासा वाढला नाही. तुझी भीतीच तेवढी.

आज सकाळी चिराबाजारातून सरंगा आणवला. भुजणं केलं, तुझ्या पद्धतीने. आज तुझी तिथी नाही, तरी तुझ्या फोटोपुढे पान मांडलं. ही जखम अप्पांची नव्हे, मला कळतं. पण या घरातली आहे, आणि मासा लावून भरली आहे. देवाची हरकत असेल तर त्याने माझ्याशी बोलावं. तुझा नवस मी फेडून टाकला.

हा कागद धाडायचा कुठे? पानाशेजारी ठेवते झालं. एक मात्र सांगून टाकते. मीठ बघितलेलं नाही. नैवेद्य उष्टा करायचा नसतो म्हणून नव्हे. हातावर रस्सा घेतला होता, पण तोंडाकडे बघायला कोणी नव्हतं, तेव्हा तो परत पातेल्यात टाकला. या खेपेला तूच बघ गं.