पितृपंधरवड्यातलं झुंबर

अहो,

मी आणि आत्या झुंबर आणायला बारामतीला गेलोय. भाकरी दुरडीत आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

तुम्हाला मुद्दामच नेलं नाही. गेल्या दिवाळीत झुंबर बघून दुकानदाराच्या तोंडावर तुम्ही "लई भारी हाय!" म्हणालात आणि तो भावावर अडून बसला. माझा तर जीव अडकला होता त्यात. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी एकटीच त्याच्या दुकानात जाते, पडद्यांचे दर विचारते आणि झुंबराकडं बघतसुद्धा नाही. पुण्याच्या कुठल्या मोठ्या डिझायनरचं आहे म्हणे. धूळ मात्र बारामतीचीच खातंय.

सध्या पितृपंधरवडा, दुकानात चिटपाखरू नाही. काल त्यानंच फोन केला. "वहिनी, निम्म्यात घेऊन जावा, पण घट बसायच्या आत. मग गिऱ्हाईक सुरू हुतंय."

अडचण होती ती आत्यांची. ह्या पंधरवड्यात त्या नवी केरसुणीसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. उगीच वाद नको म्हणून सोडूनच देणार होते, पण राहवलं नाही. चहा देताना भीतभीतच सांगितलं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सूनबाई, आपल्या घरचं पितर म्हंजे तुझं सासरं, आबाच की. निम्म्यात मिळतंय म्हटल्यावर ते न्हाय म्हणत्याल व्हय?" आणि माझ्या आधी चपला घालून दारात उभ्या.

हॉलमधला पंखा उतरवून ठेवा. भावकीत कुणी विचारलं, तर आबांनीच घ्यायला लावलं म्हणून सांगा.

राजलक्ष्मी